मोहरीचे रानातले गणगोत कसे ओळखावे

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की ठाण्यातल्या मोकळ्या भूखंडांवर, रेल्वेच्या कुंपणालगत आणि बांधकामासाठी आणून टाकलेल्या रेतीच्या ढिगांवर गुडघाभर उंचीची, चार पिवळ्या पाकळ्यांची फुले येणारी एक वनस्पती उगवते. तिच्या सडपातळ, उभ्या शेंगा पाहून बहुतेकांच्या तोंडून ‘रानमोहरी’ हा शब्द निघतो. माझ्याही तोंडून तो निघाला होता, आणि मी तो नुसता उच्चारला नाही, तर आमच्या गृहसंकुलातील मुलांच्या निसर्गफेरीत सगळ्यांच्या वह्यांमध्ये लिहूनही दिला. त्याच फेरीतल्या सातवीतल्या एका मुलीने फूल तळहातावर घेऊन पुंकेसर मोजले आणि विचारले, “काकू, मोहरीला सहा पुंकेसर असतात ना? इथे तर सतरा आहेत.”

ती पिवळी तिळवण होती. मोहरीची ती सख्खी बहीण नव्हे, चुलत घराण्यातली आहे. वह्यांमधली खाडाखोड करून घेताना माझ्या लक्षात आले की, ज्या मोहरीची फोडणी मी पस्तीस वर्षे देत आले, तिचे फूल मी एकदाही उकलून पाहिलेले नव्हते. म्हणून या लेखात सांगितलेला क्रम असा आहे : आधी घरच्या कुंडीत मोहरी फुलवावी, तिचे फूल आणि शेंग स्वतःच्या हाताने उघडून पाहावी, आणि मगच रानात तिचे नातेवाईक शोधायला निघावे. उलट क्रमाने गेल्यास पिवळा रंग हमखास फसवतो.

घराण्याची ओळख

मोहरीच्या कुळाचे शास्त्रीय नाव ब्रासिकेसी. जुन्या ग्रंथांत तेच क्रुसिफेरी या नावाने येते, कारण त्याच्या चार पाकळ्या क्रुसाच्या चार टोकांसारख्या समोरासमोर असतात. कुळात सुमारे ४,००० जाती आहेत आणि त्यांतील कितीतरी आपल्या स्वयंपाकघरात रोज येतात : मुळा, नवलकोल, कोबी, फ्लॉवर, सलगम, बाळंतिणीच्या लाडवांतले आळीव. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही तर एकाच जातीची माणसाने घडवलेली तीन रूपे आहेत. इतके असूनही हे घराणे मुळात थंड आणि समशीतोष्ण मुलखांत फोफावलेले असल्यामुळे आपल्या कोकणपट्टीच्या रानात त्याचे सदस्य शोधून सापडणे कठीण. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात मला तरी अस्सल मोहरी कुळातले रानफूल अजून भेटलेले नाही.

जिथे ते रानात राहते, तिथले त्याचे वागणे जाणून घेण्यासारखे आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडी जंगलांत कार्डामिने या प्रजातीच्या काही जाती वाढतात. त्यांना तिकडे टूथवर्ट, म्हणजे दातांची वनस्पती म्हणतात, कारण त्यांच्या जमिनीखालच्या खोडावर दातांसारखे उंचवटे असतात. चवीला ते खोड मुळ्यासारखे तिखट लागते. हिवाळा संपून वरच्या झाडांना पालवी फुटण्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत जमिनीपर्यंत ऊन पोहोचते, तेवढ्यात ही झाडे उगवतात, पांढरी किंवा फिकट गुलाबी चार पाकळ्यांची फुले फुलवतात, बी धरतात आणि वर सावली दाटली की पुन्हा जमिनीखाली जातात. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचे पांढरे फुलपाखरू आपली अंडी या झाडांवर घालते. युरोपातून आलेली गार्लिक मस्टर्ड ही याच कुळातली परकी वनस्पती १८६८ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर नोंदली गेली आणि पुढे जंगलांत पसरली. तिच्या वासाला भुलून ते फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या ती पाने पचवू न शकल्याने मरतात. फुलपाखरू झाड ओळखते ते मोहरीच्या तिखट रसायनावरून, हा मुद्दा ध्यानात ठेवावा. येऊरला त्याचा उपयोग होणार आहे.

कुंडीतली मोहरी

दिवाळी संपल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आठ ते दहा इंच व्यासाच्या कुंडीत माती आणि चांगले कुजलेले खत भरावे. बियाणे विकत आणण्याची गरज नाही. वाण्याकडची मोहरी कच्चीच असते, आणि डब्यात फार जुनी झालेली नसेल तर तीन-चार दिवसांत उगवते. पंधरा-वीस दाणे पृष्ठभागावर विरळ पसरून वर बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकी माती टाकावी आणि हाताने पाणी शिंपडावे. मगने ओतल्यास सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. ठाण्याच्या उंच इमारतींत खरा शत्रू कीड नसून कबुतर आहे. माझी पहिली पेरणी दुसऱ्याच दिवशी सकाळी साफ झाली होती. तेव्हापासून मी कुंडीवर पिठाची जुनी चाळणी उपडी घालते आणि रोपे चार बोटे उंच झाल्यावरच काढते.

पहिली दोन पाने नीट पाहावीत. ती हृदयाकृती, म्हणजे टोकाला खाच असलेली असतात आणि पुढे येणाऱ्या खऱ्या पानांशी त्यांचे काहीही साम्य नसते. मुळ्याचे चार दाणे शेजारी पेरले तर त्याचीही पहिली पाने अशीच निघतात. घराण्याचा शिक्का इथपासून दिसू लागतो. रोपे दाट झाली की तीन-चार सुदृढ ठेवून बाकीची उपटावीत आणि कोशिंबिरीत घालावीत. किमान चार-पाच तास थेट ऊन मिळणारी खिडकी असावी, अन्यथा झाड नुसते लांबते. थंडीत शेंड्यावर मावा बसतो. तो ओल्या बोटांनी पुसून काढणे पुरेसे असते, औषध मारू नये, कारण हे झाड आपण चाखणार आहोत.

साधारण दीड-दोन महिन्यांत फुलोरा येतो. खालची फुले आधी उमलतात, दांडा वर वाढत राहतो आणि शेंड्याशी कळ्यांचा झुबका तसाच असतो, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली शेंग, मध्ये फूल आणि वर कळी अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी मिळतात. शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचे झाड नाही. चौदाव्या मजल्यावर मधमाशी येणार कशी, अशी शंका काढण्याचे कारण नाही. आपल्याकडची मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळते.

फूल उकलताना

सकाळी उमललेले फूल देठासह खुडावे आणि काळ्या कागदावर ठेवावे. मोबाइलचे काळे कव्हरही चालते. एक टाचणी आणि घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढी सामग्री पुरते. बाहेरून आत जावे. सर्वांत बाहेर चार अरुंद, पिवळसर हिरवी निदले असतात. ती टाचणीने खाली ओढली की चार पाकळ्या मोकळ्या होतात. प्रत्येक पाकळीचा खालचा भाग दांड्यासारखा निमुळता आणि वरचा भाग पसरट असतो, त्यामुळे ती लहानशा चमच्यासारखी दिसते. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, हे एकेक ओढून पाहावे.

आता पुंकेसर. ते सहा असतात, पण सहाही सारखे नसतात. चार उंच असून फुलाच्या मध्याशी जवळजवळ उभे राहतात, तर दोन बुटके असून समोरासमोरच्या बाजूंना किंचित बाहेर झुकतात. चार लांब आणि दोन आखूड ही मोहरी कुळाची सही आहे, आणि एकदा ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की पुन्हा विसरत नाही. पुंकेसरांच्या तळाशी भिंगातून पाहिल्यास हिरव्या, चकचकीत टाचणीच्या डोक्याएवढ्या ग्रंथी दिसतात, त्या मधाच्या. मध्यभागी हिरवी बारीक काडी उरते, ती पुढची शेंग. ती पाकळ्यांच्या बुडाच्या वर आहे, खाली नाही, हेही टिपून ठेवावे. पुढे एका बाबतीत हाच खुणेचा दगड ठरणार आहे.

शेंग मात्र वाळेपर्यंत थांबावे. या कुळातील लांबट शेंगेला मराठी वनस्पतिशास्त्रात सार्षप म्हणतात. घेवड्याची किंवा मटाराची शेंग जशी दोन शिंपल्यांसारखी उघडते, तशी ही उघडत नाही. वाळून पिवळी पडलेली शेंग बोटांत धरून बुडाशी हलके दाबली की तिच्या दोन्ही बाजूंच्या झडपा खालून वर उचलल्या जातात आणि मध्ये एक चौकट तशीच उभी राहते. त्या चौकटीत अभ्रकाच्या पत्र्यासारखा पातळ, अर्धपारदर्शक पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोहरीचे दाणे टांगलेले असतात. हा पडदा उजेडाकडे धरून पाहण्यासाठी मुलांना बोलवावे. फुलापेक्षा त्यांना हेच अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे. बाजारात डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा मिळतात. त्या याच घराण्यातल्या असूनही अशा सुबक उघडत नाहीत, त्यामुळे शिकण्यासाठी मोहरीचीच शेंग घ्यावी.

नाकाची साक्ष

मोहरीचा अखंड दाणा जिभेवर ठेवला तर काहीच जाणवत नाही. चावला की काही क्षणांनी तिखटपणा चढतो. याचे कारण असे की झाडात तिखट द्रव्य तयार स्वरूपात नसते. ग्लुकोसिनोलेट नावाची रसायने एका ठिकाणी आणि त्यांना फोडणारे मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या ठिकाणी साठवलेले असते. पेशी चिरडल्या की दोघांची गाठ पडते आणि नाकात झिणझिण्या आणणारे द्रव्य जन्मते. आपल्याकडे काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी गार पाण्यात फेसतात आणि ती नाकाला लागेपर्यंत घोटतात, त्यामागे हेच आहे. तेच दाणे कडकडीत तेलात टाकले की उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही.

हे रसायन मोहरी कुळापुरते मर्यादित नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या मोठ्या गणात मोहरी बसवतात, त्यात तिळवण, वाघाटी, वायवर्ण, शेवगा आणि पपई यांचीही कुळे येतात, आणि या सर्वांत ग्लुकोसिनोलेटे सापडतात. घरच्या घरी पटवून घ्यायचे असेल तर पिकलेल्या पपईची एक बी धुऊन दाताखाली चावून पाहावी. पपईच्या गोडव्यानंतर ती मोहरी-मिऱ्याचा असा काही ठसका देते की नाते वेगळे सांगावे लागत नाही.

बाहेर पडल्यावर : तिन्ही तिळवणी

जून संपता संपता पहिला शोध घराच्या फाटकाबाहेरच सुरू करावा. पदपथावरच्या फरशांच्या फटीत आणि गटाराच्या कडेला वीतभर उंचीची, तीन-तीन पर्णिकांच्या पानांची आणि फिकट जांभळ्या फुलांची एक नाजूक वनस्पती बारमाही दिसते. तिच्या चारही पाकळ्या एकाच बाजूला वर वळलेल्या असतात, जणू कोणी फूल विंचरून ठेवले आहे, आणि मधल्या दोन पाकळ्यांवर पिवळसर पांढरा पट्टा असतो. ही क्लिओमी रुटिडोस्पर्मा, मूळची उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली. मी तिला सोयीसाठी जांभळी तिळवण म्हणते. तिचे पुंकेसर सहाच असल्याने नवशिक्याला ती मोहरीच वाटू शकते. पण सहाही जवळपास सारखे असतात आणि एकाच बाजूला झुकतात. चार लांब, दोन आखूड ही सही तिच्याकडे नाही.

पिवळी तिळवण मोकळ्या, उन्हाच्या जागी मिळते. तिला ओळखण्यासाठी डोळ्यांआधी बोटे वापरावीत. खोडावर बोट फिरवल्यास ते चिकटते, कारण सर्वांगावर चिकट द्रव स्रवणारे केस असतात. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक केसाच्या टोकावर एक थेंब आणि त्यात अडकलेले एखादे चिलट दिसते. बोटाला जो उग्र वास राहतो तो साबणाने एकदा धुऊन जात नाही. पाने मोहरीसारखी सलग नसून तीन किंवा पाच पर्णिकांची असतात. पुंकेसर दहापासून विसापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. वाळलेली शेंग उघडल्यावर मोहरीसारखीच बारीक चौकट आढळते, परंतु त्यात पडदा नसतो. काचा काढून नेलेल्या खिडकीसारखी ती मोकळी असते. माझ्या मते मोहरी आणि तिळवण यांच्यातला सर्वांत खात्रीचा फरक हाच, कारण फूल कोमेजल्यावरही तो तपासता येतो. या तिळवणीच्या बियांना गढवालमध्ये जखिया म्हणतात आणि बटाट्याच्या भाजीला त्यांचीच फोडणी देतात. म्हणजे ‘रानमोहरी’ म्हणणारे सर्वस्वी चुकत नाहीत, फक्त ते स्वयंपाकघरातून बोलतात.

पांढरी तिळवण शहरात कमी, पण शेताच्या बांधावर आणि गावठाणाच्या कडेला भेटते. पाच पर्णिकांची पाने, जांभळट झाक असलेले खोड आणि पांढरी फुले. तिचे फूल आडवे धरून बाजूने पाहावे. पाकळ्यांच्या मधून एक लांब दांडी वर जाते, त्या दांडीच्या मध्यावरून सहा पुंकेसर बाजूंना फुटतात आणि दांडी आणखी वर जाऊन टोकाला शेंग धरते. आधी पाकळ्या, मग रिकामी दांडी, मग पुंकेसर, पुन्हा दांडी, मग शेंग, अशी मजल्यांची इमारतच. एकदा पाहिल्यावर ती इतर कशातही मिसळणार नाही.

चकवणाऱ्या वनस्पतींपैकी दोघींची नावे घेणे आवश्यक वाटते. पाणथळ खाचरांत आणि नाल्याकाठी वाढणाऱ्या पाणलवंगेलाही चार सुट्या पिवळ्या पाकळ्या असतात, आणि लांबून ती मोहरीच्या घराण्यातली भासते. इथे आधी टिपलेली खूण कामी येते : तिची भावी शेंग पाकळ्यांच्या खाली, देठासारखी असते, वर नाही. दुसरी वनस्पती पिवळा धोत्रा. काटेरी, पांढऱ्या शिरांची पाने आणि मोडल्यावर निघणारा पिवळा चीक यांमुळे झाड ओळखायला सोपे आहे, पण त्याच्या काळसर बिया मोहरीच्या दाण्यांसारख्या दिसतात आणि विषारी असतात. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या विकाराची साथ येऊन अनेक माणसे दगावली होती. म्हणून रानातून गोळा केलेली मोहरीसारखी कोणतीही बी खाण्यात वापरू नये. चव घेण्याचे सगळे प्रयोग घरच्या कुंडीवर आणि पपईवर करावेत.

येऊरच्या वाटेवर

उपवन तलावाजवळून वर चढणारा रस्ता येऊरला जातो आणि तिथून पुढचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहे. आत कुठवर आणि किती वाजेपर्यंत जाता येईल हे वन विभागाच्या फाटकावर विचारून घ्यावे, एकट्याने जाऊ नये आणि उजेड असतानाच परतावे, कारण हे बिबट्यांचे रान आहे. उद्यानात पान किंवा फूल तोडण्यास कायद्याने मनाई आहे. टाचणी घरी ठेवावी. इथे भिंग झाडाकडे न्यायचे, झाड भिंगाकडे आणायचे नाही.

यासाठी मार्च-एप्रिल उत्तम. त्या दिवसांत वाघाटीचा काटेरी वेल झाडांवर चढून फुललेला असतो. तिला ओळखण्याची पहिली खूण काटे. प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन, मागे वळलेले, थेट वाघनखासारखे. अंगावरचा ओढणीचा पदर एकदा अडकला की खूण पक्की होते. फुले पानाच्या बगलेच्या वर एकाखाली एक अशा ओळीत लागतात. पाकळ्या चार, पांढऱ्या, त्यांतील वरच्या दोहोंच्या तळाशी पिवळा डाग असून फूल शिळे होता होता तो लालसर होतो. पुंकेसर इतके की मोजण्याचा नाद सोडावा. त्यांच्या झुबक्यातून एक लांब दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकावर हिरवा मणी असतो, तेच पुढे फळ. पांढऱ्या तिळवणीतली दांडी ज्याने पाहिली आहे, त्याला ही पाहताच हाक मारावीशी वाटते. वायवर्णाचा वृक्ष ओढ्याकाठी आणि देवळांच्या आवारात शोधावा. त्याची पाने बेलासारखी त्रिदळी, फुले पांढऱ्यावरून पिवळट होत जाणारी, आणि त्यांतही तीच दांडी व तेच लांब पुंकेसर. कोवळ्या पानांची भाजी करतात, तिला किंचित कडसर चव असते.

फुले नसतील त्या दिवसांत फुलपाखरांच्या मागे जावे. व्हर्शाफेल्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली दाखवून दिले होते की कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या एरवी ज्या पानांना तोंडही लावत नाहीत, त्यांवर मोहरीवर्गीय वनस्पतीचा रस लावला तर ती खाऊ लागतात. त्या झाड ओळखत नाहीत, त्यातले तिखट द्रव्य ओळखतात. आपल्याकडे मोहरीची शेते नसली तरी त्याच पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातील ग्रेट ऑरेंज टिप आणि कॉमन गल यांच्या अळ्या वाघाटीच्या वर्गातील झाडांवर वाढतात. तेव्हा पांढऱ्या पंखांची, केशरी टोकांची मोठी मादी एखाद्या गर्द झुडपाभोवती घिरट्या घालून पानापानावर क्षणभर टेकत असेल, तर ती मध पीत नाही, पाय लावून पानाची चव घेत आहे, असे समजावे. ती निघून गेल्यावर त्या पानाची मागची बाजू आणि बुडाचे काटे पाहावेत. मला येऊरला वाघाटीचा पहिला वेल एका फुलपाखरानेच दाखवला. त्याआधी दोन वर्षे मी त्याच्या समोरून ये-जा करीत होते. घोडबंदर मार्गावरील ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात हाच खेळ लहान मुलांना घेऊन, काट्यांशिवाय पाहता येतो.

नोंद ठेवण्याविषयी थोडेच सांगते. फक्त समोरून काढलेल्या फुलाच्या छायाचित्रावरून या घराण्यातले काहीही ठरत नाही. पूर्ण झाड, एक सुटे पान, फूल समोरून, तेच फूल बाजूने, आणि शेंग असल्यास शेंग, अशी पाच चित्रे घ्यावीत. सोबत तारीख, जागा आणि पुंकेसरांची संख्या त्याच वेळी लिहावी. घरी आल्यावर आठवून लिहिलेली संख्या नेहमी सहाच भरते.

शेवटचा धडा आषाढात, आणि त्यासाठी रानात जावे लागत नाही. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला वाघाटीची भाजी करून सोडण्याची रीत आहे, त्यामुळे त्या एक-दोन दिवसांत जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीवाल्यांकडे हिरवी, लिंबाएवढी वाघाटी शोधावीत. त्या दिवशी त्यांचा भाव पाहून जीव थोडा खालीवर होतो, पण दोन-तीन जास्त घ्यावीत. फळाचा देठ आधी पाहावा : तो जितका लांब दिसतो तितका सगळा देठ नसतो, त्यातला फळाकडचा भाग म्हणजे फुलातली तीच दांडी, आता जाड झालेली. मग फळ आडवे चिरावे. आत पडदा नाही, एकच पोकळी आहे आणि बिया मधोमध नसून गरात, भिंतींच्या कडेने बसलेल्या आहेत, हे मुलांना दाखवून झाले की त्या बिया चमच्याने खरवडून काढाव्यात, फोडी वाफवून पाणी काढून टाकावे आणि कढईत तेल तापत ठेवावे. फोडणीला अर्थातच मोहरी.